एकाच फोटोचे दोन पिवळे

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पळसफूल कोसा विणकर सहकारी संस्थेचेही अध्यक्ष, माननीय पत्रूभाऊ धकाते. एटापल्लीच्याही पलीकडून, दोन बस बदलून आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या बुधरीबाई पुंगाटी. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले व्यवस्थापक मुखरूभाऊ निनावे. बऱ्याच आग्रहानंतर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला तयार झालेल्या त्यांच्या सौभाग्यवती नीलाबाई. संचालक मंडळी, विणकर बंधू-भगिनींनो, आणि चिवड्याच्या वासानं मागच्या दारात गोळा झालेल्या बालमित्रांनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार. बुधरीबाईंना जोहार.

लच्छूभाऊ, माइक जरा खाली घेता का? हं. आता मला नीलाबाईंचा चेहरा दिसतो. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच मला बोलायचं आहे, कारण माझ्या बोलण्यातला काही मजकूर त्यांच्या घरचा आहे आणि तो त्यांच्या परवानगीनं सांगते आहे.

पाहुण्यांसाठी माझी ओळख. मी इंदू हेडाऊ, या संस्थेची सचिव. त्याआधी आयुष्यभर हायस्कूलात मराठी शिकवलं. पत्रूभाऊंनी मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं आहे. पत्रूभाऊ माझे विद्यार्थी होते. तेव्हाही त्यांना अंदाज बांधणं जमत नसे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मुखरूभाऊंचा प्रामाणिकपणा सांगितला, वक्तशीरपणा सांगितला, निर्व्यसनीपणा सांगितला. ते सगळं ऐकताना भाऊ वर पंख्याकडे पाहत होते. आपल्या तोंडावर आपली स्तुती ऐकायची वेळ आली की प्रत्येक सज्जन माणूस पंख्याकडेच का पाहतो, हे मला आजवर कळलेलं नाही. मी स्तुती करणार नाही. एक घडलेली गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यातली. आपल्या संस्थेत तिला 'पिवळ्याचं प्रकरण' म्हणतात. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी मध्ये शेवट सांगू नये, एवढीच विनंती.

चंद्रपूरला खुशबू नावाची एक मुलगी आहे. शाळेत चित्रकला शिकवते. तिचं लग्न ठरलं. तिला लग्नात नेसायला कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी हवी होती आणि घरातल्या बायकांसाठीही त्याच रंगाच्या साड्या हव्या होत्या. रंग तिनं आधीच ठरवला होता. तिची आई ती लहान असतानाच गेली. आईच्या लग्नातली एक साडी आजीनं पेटीत जपून ठेवली आहे. ती आता इतकी विरली आहे की घडी मोडायचीही भीती वाटते. "साडी पाठवता येणार नाही, फोटो पाठवते," असं ती मला फोनवर म्हणाली. "ताई, मला हाच रंग हवा. कापणीला आलेल्या धानासारखा."

आता आपण पिवळा रंग कसा काढतो, ते बाहेरच्यांसाठी सांगते. बुधरीबाई आणि त्यांच्या गावच्या बाया जंगलात पळसाची फुलं वेचतात, वाळवतात आणि पोत्यांतून आपल्याकडे पाठवतात. ती फुलं उकळून त्यात तुरटी घातली की सूत पिवळं होतं. त्याच पाण्यात चुना घातला की केशरी. मात्र एकदा चुन्यानं केशरी झालेलं सूत देवही पुन्हा पिवळं करू शकत नाही. आपली रंजीता, रंगशाळेची प्रमुख, हे काम डोळे मिटून करते, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती डोळे फाडून करते.

फोटो आला. आपलं कार्यालय सांभाळणाऱ्या दिव्यानीनं तो तिथल्या संगणकावर उघडला. संगणक जुना, पण त्याचा पडदा नवा. आधीचा पडदा उन्हाळ्यात वीज कडाडली तेव्हा गेला, म्हणून नवा आणला होता. त्या नव्या पडद्यावर साडी दिसली चांगली केशरी, पिकल्या टेंभराच्या फळासारखी.

मी म्हटलं, "पोरगी धानासारखा म्हणाली होती ना?"

मुखरूभाऊ म्हणाले, "ताई, चंद्रपूरच्या पोरीनं धान पाह्यला असन गाडीतून. पडद्यावर जे दिसून राह्यलं ते खरं."

दिव्यानी म्हणाली, "भाऊ, मी माझ्या मोबाइलवर पण पाहू का?"

"चार बोटाच्या आरशात लग्नाचं लुगडं पाह्यतेत का?" भाऊ म्हणाले. "संस्थेचं काम संस्थेच्या पडद्यावर."

पडद्याशेजारी सुताची लड धरून रंजीतानं रंग जुळवायला सुरुवात केली. आधी तुरटी. जुळेना. मग चिमूटभर चुना. मग आणखी थोडा. शेवटी लड आणि पडदा अगदी एक झाले. भिजवलेली फुलं थांबत नाहीत, ती नासतात, म्हणून तिनं अर्ध्याहून जास्त सूत त्याच पाण्यातून काढलं. भाऊंनी लड उजेडात धरून "मस्त" म्हटलं, आणि नमुन्याची एक लड चंद्रपूरच्या बसनं रवाना झाली.

खुशबूचा फोन आला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "ताई, रंग फार सुंदर आहे. पण हा माझ्या आईचा नाही."

मी फोन धरून उभी. दिव्यानीनं पोत नीट मोठा करून पाहावा म्हणून तोच फोटो चित्रं रंगवायच्या प्रोग्राममध्ये उघडला. मग तिनं दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे फोटो दाखवणारा प्रोग्राम, त्यात साडी केशरी. उजवीकडे चित्रं रंगवायचा प्रोग्राम, त्यात साडी फिकी पिवळी, अगदी धानाची. फोटो एकच. पडदा एकच. आणि पिवळे दोन.

मंडळी, मी व्याकरण शिकवलेली बाई आहे. एका शब्दाचे दोन अर्थ मला चालतात. पण एका साडीचे दोन रंग? आणि रंगशाळेत दोरीवर त्यातलाच चुकीचा रंग वाळत पडलेला. फोटोनं आम्हाला चुना लावला होता आणि आम्ही तो इमानेइतबारे सुताला लावला होता.

पुढचे दिवस संस्थेत विणकाम कमी आणि संशोधन जास्त झालं. मी म्हटलं, व्होल्टेज. कशाचंही कारण कळेना की मी व्होल्टेज म्हणते, ही माझी जुनी सवय. मग स्टॅबिलायझर बदलला. दोन्ही रंग होते तसेच राहिले, फक्त जास्त स्थिर झाले. आपले अध्यक्ष, पत्रूभाऊ, यांचं मत पडलं की हा पावसाळ्याचा ओलावा आहे. त्यांनी घरून शेगडी आणली आणि संगणकाला शेक दिला. पत्रूभाऊ, मान हलवू नका, धूर पाहून शेजारचे लोक बादल्या घेऊन आले होते. कोणी म्हणालं, खिडकीचा हिरवा पडदा काढा, त्याची झाक पडते. तो काढला, तर समोरच्या पानठेल्यावरची मंडळीही आत येऊन सल्ला द्यायला लागली. त्यातल्या एकानं लिंबानं काच पुसायला सांगितलं. आम्ही तेही केलं. कार्यालयाला सरबताचा वास आला.

दिव्यानी बिचारी प्रत्येक वेळी सांगत होती, "ताई, काच खराब असती तर दोन्ही फोटो खराब दिसले असते. वायर खराब असती तरी दोन्ही. इथं एकच बिघडतो आहे." तिनं रात्रीचा पिवळा उजेड करणारं बटण तपासलं, ते बंद होतं. संगणक बंद करून चालू केला. फोटो पुन्हा मागवला. दोन प्रोग्राम, दोन रंग. तिचं बोलणं बरोबर होतं, पण त्या गोंगाटात बरोबर बोलणं ऐकू येणं कठीण होतं.

या सगळ्या गदारोळात मुखरूभाऊ मात्र शांत होते. ते शांतपणे पडद्यासमोर बसले, चष्मा पुसला, दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाले, "तुमी सारे काऊन एवढे घाबरून राह्यले? मले तं दोन्ही सारखेच दिसून राह्यले. असन उन्नीस-बीसचा फरक."

रंजीतानं हातातली केशरी लड आणि पिवळ्या सुताचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. "भाऊ, हे?"

"हा जरा गडद हाय. एवढंच."

"भाऊ, खरंच?"

"खोटं काऊन बोलू?"

आणि मंडळी, आम्हाला सगळ्यांना एकदम आठवलं की गेली कित्येक वर्षं संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लडीला शेवटचं 'मस्त' भाऊच म्हणत होते.

त्या दिवशी मी नीलाबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "ताई, मी दोन वर्षापासून सांगून राह्यली का डोळे दाखवा. आयकतच नाई." भाऊ तिथंच बसले होते. म्हणाले, "पावसाळ्यात डोळे कापत नसतेत."

नीलाबाई म्हणाल्या, "मंग हिवाळ्यात सूत पाह्यसान, उन्हाळ्यात फुलं पाह्यसान. सोताचे डोळे कवा पाह्यसान?"

भाऊ चंद्रपूरला जायला तयार झाले. संस्थेच्या बैठकीत ते मोठमोठ्या व्यापाऱ्यांना निरुत्तर करतात, पण घरी ते निरुत्तर होतात. चांगल्या माणसाचं असंच असतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात कळलं की मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला आहे. डॉक्टरांनी आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डावा नंतर करू म्हणाले. भाऊ काळा चष्मा लावून गावात परतले तेव्हा संशोधनासाठी जमलेली सगळी मंडळी त्यांना पाहायला गेली आणि संगणकाला पहिल्यांदा थोडा आराम मिळाला.

आता घरातला भाग. नीलाबाई, सांगू ना?

डॉक्टरांनी चष्मा काढायची मुभा दिली त्या दिवशी भाऊ अंगणात आले. दोरीवर त्यांचे पांढरे सदरे वाळत होते. भाऊंनी उजवा डोळा झाकून सदरा पाहिला. मग डावा झाकून पाहिला. परत उजवा. परत डावा. नीलाबाईंना वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

भाऊ म्हणाले, "नीला, हा सदरा निळा हाय."

"हाय."

"कवापासून?"

"तुमाले पांढरा सदरा पिवळा दिसाले लागला तवापासून."

झालं होतं असं. भाऊंना मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट दिसायचं. ते रोज कुरकुर करायचे की कपडे नीट धुतले जात नाहीत, पांढरे निघत नाहीत. नीलाबाई बिचाऱ्या दर धुण्याला थोडी नीळ वाढवायच्या. थोडी आणखी. थोडी आणखी. भाऊ खूश. त्यांच्या डोळ्यांना सदरा शुभ्र दिसायचा, आणि आम्हा सगळ्यांना आकाशी. आम्ही समजायचो, माणसाला आकाशी रंगाची आवड आहे. एका दिवाळीला तर संस्थेनं मुद्दाम त्यांना आकाशी कापड भेट दिलं होतं. ते त्यांनी फार आनंदानं शिवून घेतलं आणि पांढरं समजून वापरलं.

हसा, हसा. भाऊही हसत आहेत. पण त्या दिवशी ते हसले नाहीत. नीलाबाई सांगतात, त्यांनी दोरीवरचे सगळे सदरे एकेक करून पाहिले. मग म्हणाले, "तू मले काऊन नाई सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तं पटलं असतं का? तुमाले दिसत होतं ते तुमाले खरं वाटे."

तेवढ्यावर भाऊंनी चहाही घेतला नाही. सरळ कार्यालयात आले. मी तिथं होते, दिव्यानी होती, रंजीता होती. भाऊंनी पडद्यासमोर उभं राहून आळीपाळीनं डोळे झाकले. "दिसला," म्हणाले. "आता फरक दिसला. दिव्यानी, आयक माह्यं. नीलानं सदऱ्यात नीळ काऊन टाकली? माहा डोळा पिवळा होता म्हून. आता डोळा नवा झाला, पण सदऱ्यातली नीळ तशीच राह्यली, म्हून सदरा निळा दिसून राह्यला. या डब्ब्यात बी कोणीतरी जुन्या डोळ्यासाठी काहीतरी टाकून ठेवलं असन. डोळा बदलला, ते टाकलेलं तसंच राह्यलं. तू ते शोध."

दिव्यानी म्हणाली, "भाऊ, जुना पडदा निळसर झाला होता."

"कवा?"

"मागच्या वर्षी. आदेशभाऊ आले होते ना चंद्रपूरहून? त्यांनी काहीतरी यंत्र लावून रंग सरळ करून दिला होता."

आदेश म्हणजे आपला संगणक दुरुस्त करणारा. दिव्यानीनं त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. आदेश ऐकत गेला आणि मध्येच म्हणाला, "अरे बापरे. मॅडम, पडदा बदलला तेव्हा ती जुनी प्रोफाइल काढली नाई का?"

मी विचारलं, "ही प्रोफाइल म्हणजे काय रे?"

त्यानं समजावून सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. प्रत्येक पडद्याच्या रंगांची सवय वेगळी. कोणी निळ्याकडे झुकतो, कोणी लालकडे. ती सवय संगणकाला सांगणारी एक छोटी नोंद आत ठेवता येते. हा पडदा निळसर आहे, तेव्हा याला थोडं पिवळं जास्त द्या, अशी. काही प्रोग्राम ती नोंद वाचतात आणि तसा रंग फिरवतात. काही प्रोग्राम वाचतच नाहीत, जसा आहे तसा रंग देतात. फोटो दाखवणारा प्रोग्राम आज्ञाधारक होता. जुन्या, मेलेल्या पडद्यासाठी केलेली सूचना तो नव्या, धडधाकट पडद्यावर निष्ठेनं पाळत होता. चित्रं रंगवायचा प्रोग्राम बेफिकीर होता, म्हणून तो बरोबर निघाला. माझ्या वर्गात असं बऱ्याच वेळा झालं आहे.

आदेश फोनवरून सांगत गेला. रंग व्यवस्थापनाची सेटिंग उघडा, पडदा निवडा, जुनी प्रोफाइल काढून टाका, साधी प्रमाण प्रोफाइल ठेवा. दिव्यानीनं तसं केलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. फोटो समोर आला. फिका, शांत पिवळा. दोन्हीकडे सारखा. खुशबूच्या आईची साडी आम्ही पहिल्यांदा पाहत होतो.

भाऊ म्हणाले, "मस्त." यावेळी तो शब्द आम्ही जरा लक्ष देऊन ऐकला.

पण रंजीता आनंदली नाही. ती दोरीवरच्या केशरी लडींकडे पाहून तिथंच पायरीवर बसली. "पडदा सुधरला, भाऊ," ती म्हणाली. "या सुताचं काय करू? फुलं आता एकाच पोत्यात उरली. तेवढ्यात सारं सूत निघत नाई."

बाकीची फुलं बुधरीबाईंच्या गावी होती. आणि तिकडचा पावसाळा आपल्याला माहीत आहे. नाल्याला पाणी, रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी, बस बंद, फोन लागत नाही. बुधरीबाईंनी मला नंतर सांगितलं की पोतं बांधून त्या दोनदा नाल्यापर्यंत आल्या आणि दोनदा परत गेल्या. बाई, तुमची ती फेरी आम्ही विसरलेलो नाही.

पायरीवर बसल्या बसल्या रंजीतानंच विचार केला. "साडी पिवळीच," ती म्हणाली. "पण काठ अन् पदर या केशरीचा केला तं? पिवळं सूत कमी लागन. उरल्या पोत्यात होऊन जाईन." कल्पना चांगली होती, पण खुशबूच्या आईच्या साडीला काठच नव्हता. विचारायचं कसं? भाऊ म्हणाले, "फोनवर नाई. मी जातो. पडदा आता खरा बोलून राह्यला, तरी लुगड्याले लुगडं भेटवलं पाह्यजे."

रंजीतानं पिवळ्या सुताची नमुन्याची लड काढली आणि मी आणि भाऊ बसनं चंद्रपूरला गेलो. खुशबूच्या घरी तिची आजी होती, कमलाआजी. तिनं पेटी उघडली आणि ती साडी, घडी न मोडता, मांडीवर ठेवली. हात लावायची आमचीही हिंमत झाली नाही. खुशबूनं लड साडीजवळ धरली आणि म्हणाली, "हो. हाच." मी निश्वास सोडला आणि बसची वेळ विचारणार, तोच भाऊंनी उजवा डोळा झाकला. ऑपरेशन झालेला डोळा झाकून, न झालेल्या डोळ्यानं ते साडीकडे आणि लडीकडे पाहत राहिले. मग डोकं हलवलं. "नाई जुळून राह्यलं."

खुशबू गोंधळली. "काका, तुम्ही हे काय करताय?"

"बाई, उजवा डोळा तुमचा," भाऊ म्हणाले, "अन् डावा आजीचा. आजीचे डोळे बी पिकले दिसतेत. लग्नात तुमाले साऱ्यात जास्त त्याच पाह्यतीन. त्याइले वेगळा रंग दिसला तं काय उपयोग?"

मंडळी, मला तेव्हा हा हट्टीपणा वाटला होता. पण नंतर दिव्यानीनं आदेशला विचारलं, तर तो म्हणाला, असं होऊ शकतं. एका उजेडात, एका डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या डोळ्याला वेगळे दिसू शकतात. जुनी साडी जुन्या रंगाची, जुन्या पाण्याची. रंजीताला पुन्हा चुली पेटवाव्या लागल्या. ती रोज एक लड काढायची, भाऊ ती घेऊन बसनं चंद्रपूरला जायचे, दोन्ही डोळ्यांनी पाहून परत यायचे. कंडक्टर त्यांना तिकीट द्यायच्या आधी लड पाहू लागला. काठाचं विचारलं तेव्हा खुशबू म्हणाली, "आईच्या साडीला काठ नव्हता. माझ्या साडीला असू दे. मी तिची मुलगी आहे, ती नाही."

मधल्या काळात दवाखान्यातून दुसऱ्या डोळ्यासाठी बोलावणं आलं. भाऊ जाईनात. नीलाबाई मला म्हणाल्या, "ताई, तुमीच सांगा त्याइले." मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "डॉक्टर म्हणते थोडं थांबलं तं चालते. हा डोळा गेला तं मी आजीच्या डोळ्यानं कसा पाहू?" ज्या डोळ्यामुळे हे सगळं रामायण झालं, तो मोतीबिंदू आता संस्थेचं उपकरण झाला होता. पत्रूभाऊंनी तर तो मालमत्तेत धरायची सूचना मांडली होती. ती मंजूर झाली नाही.

शेवटी एक लड दोन्ही डोळ्यांना पटली. उरल्या पोत्यात सूत निघालं. केशरी काठांच्या पिवळ्या साड्या मागावरून उतरल्या आणि भाऊ, रंजीता, मी, असे तिघे त्या घेऊन चंद्रपूरला गेलो. खुशबूनं आपली साडी उलगडली. तिनं ती आजीच्या मांडीवर, जुन्या साडीच्या शेजारी, काठ आत दुमडून ठेवली. कमलाआजी खिडकीच्या उजेडात दोन्हीकडे पाहत राहिली. हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मग तिनं विचारलं, "यातलं माह्या लेकीचं कोणतं?"

रंजीता दाराकडे तोंड करून उभी राहिली. मुखरूभाऊ म्हणाले, "आजी, दोन्ही."

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघंही फारसं बोललो नाही. मी, इंदू हेडाऊ, बोलले नाही, यावरून तुम्ही काय ते समजा.

लग्न पार पडल्यावर भाऊंनी दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतरची एक लहानशी गोष्ट सांगते आणि थांबते. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत नाहीत असं दाखवत आहेत, पण मला दिसतं.

एरवी भाऊ रंगशाळेत क्वचितच जायचे. व्यवस्थापकाचं काम कार्यालयात. पण दोन्ही डोळे नीट झाल्यावर एके दिवशी ते रंगशाळेत आले आणि रंजीताच्या चुलीजवळ बसले. पातेल्यात फुलं उकळत होती. रंजीतानं तुरटी घातली आणि पाण्यात लड सोडली. लड वर आली. भाऊ तिच्याकडे पाहत राहिले. रंजीता म्हणाली, "भाऊ, मस्त म्हणा ना." ते म्हणाले, "रंजीता, मी एवढी वर्षं हा रंग इकला. पाह्यला आज."

बुधरीबाई परवा फोनवर होत्या, तेव्हा भाऊंनी त्यांना विचारलं की तुमच्याकडे पळस कधी फुलतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, शिमग्याच्या आधी या. पानं नाई राहत झाडाले, नुसती फुलंच राहतेत. सारं जंगल दिसते." तेव्हा संस्थेतून मोकळे झाल्यावर मुखरूभाऊंचा पहिला कार्यक्रम ठरलेला आहे. ते नीलाबाईंना घेऊन बुधरीबाईंच्या गावी जाणार आहेत, झाडावरचा पळस पाहायला. पोत्यातला त्यांनी पुष्कळ मोजला. भाऊ, तुम्ही परत आलात की आम्हाला सांगा तो कसा दिसतो. तुम्ही जे सांगाल ते आता आम्ही निर्धास्तपणे खरं मानू.

बुधरीबाई एवढ्या लांबून आल्या, अध्यक्षांनी मला बोलू दिलं, लच्छूभाऊंनी माइक न कुरकुरता सांभाळला, आणि तुम्ही सगळ्यांनी चिवडा समोर असूनही ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. नीलाबाईंनी आपल्या घरची गोष्ट भर सभेत सांगू दिली, त्यांचे आभार तर वेगळेच. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाची थट्टा जास्त झाली असेल, पत्रूभाऊ, विशेषतः तुमची, तर ते या म्हाताऱ्या मास्तरीणबाईच्या खात्यावर टाका आणि मन मोठं करा. मुखरूभाऊ, नीलाबाई, प्रवास सुखाचा होवो. नमस्कार.